‘ती जागाच वाईट आहे’ : अपघातांच्या नोंदींवरून रस्त्यावरील धोका कसा ओळखावा

मोठ्या रस्त्याच्या काठी वसलेल्या बहुतेक गावांत अशी एखादी जागा असते, की जिच्याविषयी लोक हलक्या आवाजात म्हणतात, ‘ती जागाच वाईट आहे.’ तेथून जाताना गाडीवान मनातल्या मनात हात जोडतो. नवी मोटारसायकल घेतलेला तरुण तेथे नारळ फोडतो. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला लिंबू व सुया पडलेल्या दिसतात. वर्षाकाठी दोनतीन माणसे त्या ठिकाणी जायबंदी होतात, एखादे दगावते, आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतो.

यावर सुशिक्षित माणूस सहसा हसतो. तो म्हणतो, ‘जागेचा काय दोष? गाडी हाकणाऱ्याने नीट हाकावी, म्हणजे झाले.’ हे उत्तर ऐकावयास शहाणपणाचे वाटते. परंतु त्याने एका साध्या प्रश्नाचे समाधान होत नाही. अपघात जर केवळ चालकाच्या चुकीने होत असतील, तर चुका करणारे सगळे चालक नेमके त्याच दोनतीनशे मीटरांत का चुकतात? पुढच्या सरळ रस्त्यावर तेच चालक सुखरूप कसे जातात?

विचारांती असे दिसून येईल, की लोकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ‘जागा वाईट आहे’ या उद्गारात अनेक वर्षांच्या अनुभवाची मोजदाद दडलेली असते. चूक होते ती कारण शोधताना. जागा वाईट का, हे नोंदींच्या साहाय्याने शोधून काढता येते, आणि ते काम करण्यास गावात शिक्षकाइतका योग्य मनुष्य क्वचितच दुसरा असेल. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

१. शिक्षकाचा याच्याशी संबंध काय?

शिक्षकाच्या डोक्यावर आधीच पुष्कळ नोंदवह्या आहेत. त्यांत आणखी एकीची भर कशासाठी, असा प्रश्न कोणाही शिक्षकबंधूस वा भगिनीस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे हे बरे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले, आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी ९,५२८ मुले अठरा वर्षांखालील होती. म्हणजे दर दिवशी सुमारे सव्वीस मुले. एका लहान शाळेचा एक वर्ग रोज रिकामा होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हे सर्व शहरांत घडते, अशीही समजूत नसावी. एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातील रस्त्यांवर झाले. मृतांमध्ये दर शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक माणसे दुचाकीवरील होती आणि एकोणीसहून अधिक पायी चालणारी होती. आपले विद्यार्थी शाळेत येतात ते पायी, किंवा वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून. तेव्हा हा प्रश्न शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलेला आहे.

२. रोगाचा शोध आणि अपघाताचा शोध

नोंदींवरून संकटाचे मूळ शोधण्याची रीत नवी नाही. १८५४ मध्ये लंडन शहरातील सोहो या वस्तीत पटकीची साथ आली. थोड्याच दिवसांत सहाशेच्या आसपास माणसे दगावली. दूषित हवेने पटकी होते, असा त्या काळी विद्वानांचा समज होता. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने निराळी वाट धरली. कोणत्या घरी किती मृत्यू झाले याची माहिती मिळवून त्याने ती वस्तीच्या नकाशावर मांडली. मृत्यूच्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. जवळच्याच एका मद्याच्या कारखान्यातील कामगार मात्र वाचले होते. चौकशी करता ते त्या पंपाचे पाणी पीत नसत असे आढळले. अखेर पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

या गोष्टीत आपल्याला घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. स्नोने प्रथम मोजले. मग मोजलेले नकाशावर मांडले. आणि तेवढ्यावर न थांबता तो स्वतः घरोघर जाऊन विचारपूस करून आला. रस्त्यावरील अपघातांच्या अभ्यासाची रीत हीच आहे. आकडे जागा दाखवितात. कारण समजण्यासाठी त्या जागी जाऊन उभे राहावे लागते.

आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांसाठी अशा वाईट जागेची व्याख्या ठरविलेली आहे. तिला अपघातप्रवण स्थळ, किंवा बोलण्यात ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणतात. सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात लागोपाठच्या तीन वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात घडले असतील, अथवा तीन वर्षांत मिळून १० मृत्यू झाले असतील, तर तो पट्टा अपघातप्रवण समजतात. यातील ‘५०० मीटर’ आणि ‘तीन वर्षे’ हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. त्यांचे मर्म पुढे येईल.

३. नोंद कोणती ठेवावी?

पोलीस पंचनामा करतात, प्रथम खबर लिहून घेतात. अलीकडे अपघाताची माहिती जागेवरूनच संगणकावर नोंदविण्याची देशव्यापी पद्धतही सुरू झाली आहे. २०२१ मध्ये ज्या राज्यांतून तिचा आरंभ झाला त्यांत महाराष्ट्र होता. मग शिक्षकाने वेगळी नोंद का ठेवावी? कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. कायदा विचारतो, ‘दोषी कोण?’ आपल्याला विचारावयाचे आहे, ‘येथे असे पुनःपुन्हा का घडते?’ २०२२ च्या अहवालात शंभरांतील सुमारे एकाहत्तर मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेले आहे. ते खोटे आहे असे नव्हे. पण त्या एका शब्दाखाली झाकलेले वळण, न दिसणारा फाटा, बंद पडलेला दिवा आणि वाहून गेलेली साइडपट्टी ही कारणे मात्र कागदावर येत नाहीत.

यास्तव दोनशे पानी वहीचे एक पान आखून त्यावर पुढील रकाने घालावेत :

(१) तारीख, वार व वेळ. वेळ शक्य तितकी नेमकी असावी. निदान उजेड होता की अंधार, हे तरी लिहावे.
(२) जागा. ‘गावाजवळ’ असे लिहू नये. किलोमीटरचा दगड, मोरी, पूल, वडाचे झाड, एस.टी. चा थांबा अशा न हलणाऱ्या खुणेपासून किती पावले, हे लिहावे.
(३) कोण कोणास धडकले. दोन मोटारसायकली, ट्रक व पादचारी, मोटार व बैलगाडी इत्यादी.
(४) धडक कशी झाली. समोरासमोर, मागून, वळताना, रस्ता ओलांडताना, की गाडी आपोआप घसरून.
(५) रस्त्याची स्थिती. ओला, कोरडा, खड्डे, वाळू वा चिखल सांडलेला.
(६) दुखापत. मृत्यू, गंभीर, किरकोळ. डोक्यावर हेल्मेट होते की नाही.
(७) मदत किती वेळात मिळाली.

जखमी वा मृत व्यक्तीचे नाव या वहीत लिहू नये. आपल्याला घटनेचा अभ्यास करावयाचा आहे. कोणाच्या घरचे दुःख चव्हाट्यावर मांडावयाचे नाही. मागील तीन वर्षांची माहिती पोलीस पाटील, एस.टी. थांब्याजवळचे दुकानदार, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका आणि रोज त्या वाटेने जाणारे दूधवाले यांना विचारून पुष्कळशी जमविता येते.

४. एक कल्पित गाव

ही वही कशी वाचावी, हे समजण्यासाठी एक गाव कल्पनेने घेऊ. गाव राज्य महामार्गावर आहे. गावाच्या अलीकडे कालव्याचा पूल आहे. जवळच्या साखर कारखान्याकडे जाणारा ऊस याच रस्त्याने जातो. शिक्षकाने तीन वर्षांतील १८ अपघातांची नोंद जमविली आहे.

प्रथम जागेनुसार वाटणी केली. १८ पैकी ११ अपघात कालव्याच्या पुलाभोवतीच्या ३०० मीटरांत, ३ एस.टी. थांब्याजवळ, आणि ४ इतरत्र विखुरलेले. लोकांची ‘वाईट जागा’ आकड्यांनीही पुढे आली. त्या ११ पैकी ६ अपघातांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेली होती. म्हणजे महामार्गाची कसोटी लावली तरी ही जागा अपघातप्रवण ठरते.

मग त्या ११ अपघातांची वेळेनुसार वाटणी केली. ८ अपघात सूर्यास्तानंतरचे निघाले. महिन्यानुसार पाहिले, तर ११ पैकी ८ नोव्हेंबर ते मार्च या काळातले. धडकेच्या प्रकारानुसार पाहिले, तर ७ अपघातांत दुचाकी मागून येऊन उसाच्या ट्रॉलीवर किंवा बैलगाडीवर आदळलेली.

आता वहीचे रकाने बोलू लागतात. थंडीचे दिवस म्हणजे उसाच्या गाळपाचा हंगाम. अंधारात कालव्याच्या कच्च्या रस्त्याने भरलेली ट्रॉली चढ चढून मुख्य रस्त्यावर येते. तिची गती माणसाच्या चालीहून फारशी अधिक नसते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. पुलाच्या उंचवट्यामुळे मागून येणाऱ्या दुचाकीच्या दिव्याचा झोत ट्रॉलीवर पडतो तो अगदी जवळ आल्यावर. मग ब्रेक लावण्यास अवधीच उरत नाही.

शिक्षकाने एका संध्याकाळी दोन जाणत्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन, रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी उभे राहून हे पाहिले, आणि वहीने सुचविलेले कारण डोळ्यांना दिसले. जागेची बाधा कसली होती, ते उघड झाले.

येथे उपायाचाही विचार करावा. अपघात झाला, की गाव गतिरोधक मागते. प्रस्तुत उदाहरणात अंधाऱ्या पुलावर पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक घातला, तर ट्रॉलीवर न आदळणारा दुचाकीस्वारही त्यावरून उडून पडेल. खरा उपाय निराळा : प्रत्येक ट्रॉलीला व बैलगाडीला मागून रिफ्लेक्टर, फाट्यावर दिवा, पुलाअगोदर सूचनाफलक, आणि दृष्टीआड करणाऱ्या बाभळींची छाटणी. रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हा नियम येथेही लागू पडतो.

५. आकडे वाचताना घ्यावयाची काळजी

आकडा खोटे बोलत नाही, असे म्हणतात; परंतु त्याला प्रश्न चुकीचा विचारला, तर उत्तरही चुकीचे मिळते. तीन बाबतींत विशेष जपावे.

पहिली बाब रहदारीची. वरील गावात १८ पैकी ५ अपघात बाजाराच्या दिवशी घडले, असे समजा. आठवड्यातील सात वारांवर १८ अपघात सारखे वाटले, तर एका वाराच्या वाट्याला अडीचच्या आसपास येतात. त्यावरून बाजाराचा दिवस दुप्पट धोक्याचा, असे कोणी म्हणेल. पण त्या दिवशी रहदारी तिप्पट असते. इतर सहा वारांचे सहा भाग व बाजाराच्या दिवसाचे तीन, असे नऊ भाग धरले, तर रहदारीच्या मानाने बाजाराच्या दिवशी ६ अपघात व्हावयास हवे होते, झाले ५. म्हणजे दर गाडीमागे धोका वाढलेला नाही. तथापि त्या दिवशी माणसे अधिक असतात व त्यांना जपणे अगत्याचे असते, हेही खरे. ‘किती’ आणि ‘कितींपैकी किती’ हे दोन्ही प्रश्न विचारावेत, हा यातील बोध.

दुसरी बाब योगायोगाची. हिची ओळख वर्गात चिंचोक्यांनी करून देता येते. जमिनीवर खडूने मोठा चौरस आखून त्याची छत्तीस घरे करावीत, आणि अठरा चिंचोके डोळे मिटून विखरून टाकावेत. चिंचोके सारखे पसरत नाहीत. पुष्कळ घरे रिकामी राहतात, काहींत दोन पडतात, क्वचित एखाद्यात तीनही पडतात. त्या घरात चिंचोके ओढणारे काही नाही. तो निव्वळ योगायोग. म्हणून एका वर्षात एका जागी दोन अपघात झाले एवढ्यावरून त्या जागेस वाईट ठरवू नये. तीन वर्षांची नोंद पाहावी असा दंडक आहे तो याचसाठी. पण मुलांनी दिवसभर चिंचोके फेकले, तरी अठरांपैकी अकरा एकाच घरात पडल्याचे त्यांना दिसणार नाही. असे जेथे होते तेथे कारण असलेच पाहिजे.

योगायोगाची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. एखाद्या वर्षी फार अपघात झाले, की पुढल्या वर्षी ते आपोआप थोडे कमी होण्याचा संभव असतो. मधल्या काळात कोणी शांत केली असेल, तर गुण शांतीला येतो. कोणी फलक लावला असेल, तर गुण फलकाला येतो. दोघांनीही घाई करू नये. स्वतः जॉन स्नोने लिहून ठेवले आहे, की पंपाचा दांडा काढण्यापूर्वीच साथ ओसरू लागली होती, कारण लोक वस्ती सोडून गेले होते. आपल्या यशाबद्दलही असे निर्मळपणे बोलता आले पाहिजे.

याच कारणास्तव उपायानंतरही काही वर्षे नोंद चालू ठेवावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली होती. त्यानंतर प्राणघातक अपघातांच्या जागांचा अभ्यास करून दुभाजकावर लोखंडी दोरांचे कठडे घालणे, उघड्या पडलेल्या काँक्रीटच्या कडा झाकणे, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांना आवर घालणे असे उपाय हाती घेण्यात आले. २०१८ मध्ये मृत्यू ११० व २०१९ मध्ये ९२ झाले. २०२० चा आकडा मात्र या तुलनेत धरणे रास्त होणार नाही, कारण त्या वर्षी टाळेबंदीमुळे रहदारीच घटली होती. तो रस्ताही तोच, चालकही तेच. जागेत सुधारणा झाली, तशी प्राणहानी कमी झाली.

तिसरी बाब न नोंदलेल्या अपघातांची. २०२१ मध्ये भारतात रस्त्यांवर १,५३,९७२ मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षासाठी अंदाज केला तो सुमारे २ लाख १६ हजारांचा. मृत्यूच्या नोंदीत एवढे अंतर पडते, तर गुडघा फुटलेल्या मुलाची नोंद कोण करणार? पोलीस ठाण्याच्या कागदावर जो रस्ता निर्धोक दिसतो, तो केवळ नोंद न झाल्यामुळे तसा दिसत नाही ना, हे तपासावे.

६. न घडलेल्या अपघाताची नोंद

येथवर जे सांगितले त्यात एक उणीव आहे, व ती शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. ही सर्व रीत अपघात घडून गेल्यानंतरची आहे. जागा अपघातप्रवण ठरण्यासाठी आधी पाच घरांवर आघात व्हावा लागतो. शाळेच्या फाटकासमोर आजवर एकही मूल दगावलेले नसेल, तर वहीत त्या जागेपुढे शून्य येईल. ते शून्य सुरक्षिततेचे आहे, की केवळ सुदैवाचे?

याचे उत्तर मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ‘थोडक्यात वाचलो’ अशा प्रसंगांची नोंद. आठवड्यातून एकदा परिपाठानंतर मुलांना विचारावे : या आठवड्यात रस्त्यावर कोठे भीती वाटली? कोठे गाडीने करकचून ब्रेक लावला? कोठे पळावे लागले? मुलांना रागावू नये. रागावल्यास ती पुढच्या वेळी सांगणार नाहीत. प्रत्येक उत्तराबद्दल शाळेभोवतालच्या नकाशावर पेन्सिलीने एक टिंब द्यावे. दोन महिन्यांत टिंबे कोठे दाटतात ते दिसेल. रस्त्याचे खरे जाणकार वर्गातच बसलेले आहेत, असा अनुभव येईल.

दुसरा मार्ग गणिताचा. इयत्ता पाचवीच्या पुढील मुलांना हे उदाहरण घालता येते. रस्ता सात मीटर रुंद आहे. लहान मूल सेकंदाला एक मीटर चालते. तर ओलांडण्यास सात सेकंद लागतात. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण पावणेसतरा मीटर जाते, म्हणजे सात सेकंदांत सुमारे ११७ मीटर. याचा अर्थ असा, की मुलाने पाऊल टाकले तेव्हा गाडी ११७ मीटरांहून जवळ असेल आणि वेग कमी झाला नाही, तर ती मुलाला रस्त्यातच गाठील. आता फाटकातून वळणाकडे पाहिले असता रस्ता ८० मीटरच दिसत असेल, तर मुलाने दोन्ही बाजूंस नीट पाहिले, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून घेतली, आपण शिकविले ते सर्व केले, तरीही ते सुरक्षित नाही. हीच गाडी ताशी तीस किलोमीटर वेगाने आली, तर सात सेकंदांत ५८ मीटरच येईल, आणि तेच ८० मीटर पुरेसे होतील.

ही गोष्ट शिक्षकांनी मनात खोल ठसवून घ्यावी. ‘रस्ता नीट पाहून ओलांडा’ हा उपदेश आपण पिढ्यानपिढ्या करीत आलो आहोत, व तो करीत राहावा. पण जेथे पाहूनही दिसत नाही, तेथे दोष मुलाच्या पदरी घालणे न्यायाचे नाही. तेथे रस्त्यालाच शिस्त लावावयास हवी.

अंतर मोजण्याचे काम शिक्षकांनी पालकांसह सुटीच्या दिवशी करावे. मुलांना मोजमापासाठी रस्त्यावर मुळीच नेऊ नये. मुलांनी गणित वर्गात करावे आणि नकाशा फळ्यावर काढावा.

७. नोंदवही घेऊन कोणाकडे जावे?

वही कपाटात राहिली, तर तिचा उपयोग नाही. प्रथम ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे व ग्रामसभेपुढे ठेवावी. गावाच्या हातची कामे त्याच आठवड्यात होऊ शकतात : झाडे छाटणे, ट्रॉलीमालकांना रिफ्लेक्टर लावण्यास सांगणे, शाळा सुटताना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने वर्ग सोडणे, रस्त्याकडील फाटक बंद करून आळीकडील फाटक उघडणे. यांपैकी बहुतेकांस खर्च नाही.

रस्त्याच्या कामासाठी रस्ता कोणाचा, हे आधी पाहावे. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग यांचे काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. अर्ज मुख्याध्यापक व सरपंच यांच्या सहीने, वरिष्ठांमार्फत करावा, आणि त्याची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे द्यावी.

अर्जाची भाषा कशी असावी, याचा एक नमुना देतो. ‘आमच्या गावाजवळ फार अपघात होतात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा अर्ज वाचून अभियंत्यास काहीच करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘कालव्याच्या पुलाच्या दोन्ही अंगांस मिळून ३०० मीटरांत गेल्या तीन वर्षांत ११ अपघात झाले. त्यांपैकी ६ प्राणघातक वा गंभीर होते. ८ सूर्यास्तानंतर झाले. ७ अपघातांत दुचाकी मागून ट्रॉलीवर वा बैलगाडीवर आदळली. पुलाच्या उंचवट्यामुळे फाटा दिसत नाही. तक्ता व नकाशा सोबत जोडला आहे. फाट्यावर दिवा व पुलाआधी सूचनाफलक बसविण्यास विनंती आहे.’ असा अर्ज बाजूला ठेवणे कठीण असते, कारण त्यात गाऱ्हाणे नाही, पुरावा आहे.

एक सूचना अखेरची. अपघात घडलाच, तर नोंद मागाहून; आधी माणूस. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावेत. जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने लोक मागे सरतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे, ही माहिती शिक्षकांनी गावात आवर्जून सांगावी.

समारोप

शाळेची हजेरी आपण रोज घेतो. मूल आले नाही, तर का आले नाही, याची चौकशी करतो. ते घरून निघून शाळेत पोहोचेपर्यंतची वाट ही त्या हजेरीचाच भाग आहे, एवढी दृष्टी ठेवली म्हणजे पुरे. त्यासाठी लागते एक वही, एक नकाशा आणि थोडी चिकाटी.

पुढच्या वेळी कोणी म्हणेल, ‘गुरुजी, ती जागाच वाईट आहे,’ तेव्हा त्याला हसू नये. ‘खरे आहे,’ असे म्हणावे; वही काढावी, आणि विचारावे, ‘कोणत्या वेळी? कोणत्या बाजूने? कोणाला, कशी धडक बसली?’ गावाच्या भीतीचे गावाच्या माहितीत रूपांतर करणे हे शिक्षकाचे जुनेच काम आहे. ते या रस्त्यावरही करावयाचे आहे.